श्वासावाटे इन्शुलिन : सोय कोणाची, प्राधान्य कशाला?

मधुमेह हा उतारवयाचा, बैठ्या जीवनाचा आणि सुखवस्तू घरांचा रोग आहे, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला मधुमेह झाल्याचे कळले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो, "फार गोड खात होता का?" हा. वस्तुतः मुलांना बहुतांशी होणारा मधुमेह हा मुळातच निराळा रोग आहे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. साखर खाण्याशी, लठ्ठपणाशी किंवा आईबापांच्या निष्काळजीपणाशी त्याचा संबंध नाही. अशा मुलाला बाहेरून इन्शुलिन मिळाले नाही तर ते जगू शकत नाही, इतका हा प्रश्न सरळ आणि कठोर आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात वीस वर्षांखालील सुमारे १२ लाख मुलामुलींना हा पहिल्या प्रकारचा मधुमेह होता आणि त्यांपैकी सुमारे २ लाख २९ हजार भारतात होती. एवढी संख्या जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हती.

या पार्श्वभूमीवर दोन घटनांकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जेवणाच्या वेळी श्वासावाटे ओढून घ्यावयाची इन्शुलिनची भुकटी प्रौढ रुग्णांसाठी भारतात विकण्यास केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये सिप्ला या मुंबईच्या कंपनीस परवानगी दिली. तिकडे अमेरिकेत याच औषधाचा वापर मुले व किशोरवयीनांसाठी करता यावा, यासाठी उत्पादक कंपनीने केलेला अर्ज तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये विचारार्थ दाखल करून घेतला. अमेरिकेचा कौल कसाही असो, हा प्रश्न आज ना उद्या भारतीय आईबापांच्या दारात येऊन उभा राहणार, हे निश्चित. त्या वेळी त्याचा विचार जाहिरातींच्या भाषेत होऊ नये, यासाठी औषधाची बाजू आणि हिशेबाची बाजू, दोन्ही आधीच तपासून पाहणे इष्ट ठरेल.

शंभर वर्षांची सुई

इन्शुलिनचा इतिहासच एका मुलापासून सुरू होतो. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवून मृत्यू काही महिने लांबवणे, एवढाच उपाय वैद्यकाच्या हाती होता. थॉम्प्सन त्यानंतर तेरा वर्षे जगला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी आपले पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. हे औषध कोणा एकाच्या मक्त्यात जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. शंभर वर्षांनंतर जागतिक इन्शुलिन बाजाराच्या उलाढालीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अवघ्या तीन कंपन्यांच्या हाती एकवटलेला दिसावा, हा त्या औदार्यावर काळाने केलेला कटू उपहास म्हणावा लागेल.

सुई टाळण्याची धडपडही जवळजवळ तितकीच जुनी आहे. इन्शुलिन हे प्रथिन असल्याने पोटात गेल्यास ते पचून जाते. म्हणून ते गोळीच्या रूपाने देता येत नाही. श्वासावाटे ते देऊन पाहण्याचा पहिला प्रयत्न जर्मनीत १९२५ च्या सुमारास झाला. कल्पना तर्कशुद्ध होती. माणसाच्या फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांचा पसरलेला पृष्ठभाग सुमारे सत्तर ते शंभर चौरस मीटर भरतो आणि त्याच्या पातळ अस्तरालगतच रक्तवाहिन्यांचे जाळे असते. अडचण होती ती औषधाचे कण योग्य आकाराचे करण्याची आणि दर वेळी ठरावीक मात्राच आत जाईल, याची खात्री देण्याची. ही अडचण दूर होण्यास ऐंशी वर्षे लागली.

सुईचा भार किती, याचा साधा गुणाकार करून पाहावा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाला चांगले नियंत्रण ठेवायचे असल्यास दिवसातून साधारण चार इंजेक्शने घ्यावी लागतात. त्यांपैकी एक दिवसभर मंद परिणाम करणाऱ्या इन्शुलिनचे आणि तीन जेवणाच्या वेळची. म्हणजे वर्षाला १,४६० इंजेक्शने झाली. सहाव्या वर्षी रोग जडलेले मूल सोळा वर्षांचे होईतो त्याच्या अंगात साडेचौदा हजार वेळा सुई टोचलेली असते. वेदनेची सवय होते, असे मोठी माणसे म्हणतात. परंतु चारचौघांत वेगळे दिसण्याची सवय तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला होत नाही. मैत्रिणींबरोबर डबा खाताना सदरा वर करून पोटात सुई टोचण्यापेक्षा ती मात्राच चुकवणे तिला सोपे वाटते. अशा चुकलेल्या मात्रांची किंमत पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू चुकवतात. नेटाने केलेल्या साखर-नियंत्रणाने ही हानी मोठ्या प्रमाणात टाळता येते, हे १,४४१ रुग्णांवर अनेक वर्षे चाललेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीने निर्विवाद सिद्ध केले आहे. तेव्हा सुई टाळणे म्हणजे केवळ चैन, असे म्हणून हा विषय झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

भुकटीचे गुण आणि मर्यादा

सध्याचे औषध आफ्रेझा या नावाने ओळखले जाते. मॅनकाइंड नावाच्या अमेरिकन कंपनीच्या या औषधाला तेथे जून २०१४ मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली. ४, ८ व १२ एककांच्या छोट्या कुप्यांत भरलेली भुकटी मुठीत मावेल अशा साधनात बसवून जेवणाच्या प्रारंभी एका श्वासात ओढायची, एवढीच कृती. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे वेग. सुमारे बारा मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि मात्रेनुसार दीड ते तीन तासांत तो संपतो. आपल्याकडे अनेक मुले वापरतात ते साधे मानवी इन्शुलिन जेवणापूर्वी अर्धा तास टोचावे लागते आणि त्याचा प्रभाव सहा ते आठ तास रेंगाळतो. इंजेक्शन देऊन ठेवावे आणि मुलाने रुसून ताटावरून उठून जावे, यात केवढा धोका असतो, हे अशा मुलांच्या आयांना विचारावे. साखर एकाएकी उतरली तर मूल बेशुद्धही पडते. जेवणाबरोबर येणारे आणि जेवणाबरोबरच ओसरणारे इन्शुलिन या दृष्टीने निसर्गाच्या अधिक जवळ जाते.

परंतु मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पहिली गोष्ट अशी की, हे केवळ जेवणाच्या वेळचे इन्शुलिन आहे. दिवसभराचे मूळ इन्शुलिन इंजेक्शनानेच घ्यावे लागते. म्हणजे १,४६० पैकी १,०९५ सुया टळल्या तरी ३६५ उरतातच. शिवाय रक्तातील साखर तपासण्यासाठी बोटाला टोचणे थांबत नाही. किंबहुना औषध झटपट ओसरणारे असल्याने साखरेवर अधिक बारीक नजर ठेवावी लागते आणि कधी जेवणानंतर पुन्हा एक मात्रा घ्यावी लागते. "सुईपासून मुक्ती" ही घोषणा त्यामुळे अर्धसत्यच ठरते.

दुसरी गोष्ट मात्रेची. लहान मुलाला कधी एक तर कधी अर्धे एककच इन्शुलिन कमीजास्त करावे लागते, आणि बारीक सुईच्या सिरिंजने किंवा पेनने ते करता येते. भुकटीच्या कुप्यांत मात्र चारचारांच्या टप्प्यांनीच चढउतार शक्य आहे. त्यातही ओढलेल्या इन्शुलिनचा बराच भाग रक्तापर्यंत पोहोचत नसल्याने कुपीवरील एकक आणि सिरिंजमधील एकक यांचे मोल सारखे नसते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट फुप्फुसांची. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्या रुग्णाची श्वासनलिका या भुकटीमुळे अचानक आकुंचन पावू शकते. म्हणूनच अमेरिकेतील वेष्टनावर याविषयी चौकटीत ठळक इशारा छापणे बंधनकारक करण्यात आले. औषध सुरू करण्यापूर्वी, सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दर वर्षी फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी करावी, अशी अटही आहे. खोकला हा तर नेहमीचाच त्रास आहे. ज्या देशातील कितीतरी शहरांत हिवाळ्याची हवा निरोगी मुलालाही खोकायला लावते, जेथे चुलीच्या धुरात वाढणारी मुले अजून आहेत आणि जेथे बालदम्याचे निदान बऱ्याचदा "सर्दीचा कोठा" या नावाखाली दडून राहते, तेथे ही अट कागदावरची औपचारिकता ठरता कामा नये. तालुक्याच्या ठिकाणी ही चाचणी करण्याचे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस सहजासहजी मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

एक महागडा धडा

हे औषध म्हणजे या क्षेत्रातील पहिलाच अवतार नव्हे. एक्झुबेरा नावाचे श्वासावाटे घ्यावयाचे इन्शुलिन फायझर या बलाढ्य कंपनीने आणले होते. जानेवारी २००६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, प्रचंड खपाची भाकिते वर्तवण्यात आली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ते गुंडाळून टाकले. त्यापायी तिला सुमारे २८० कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. साधन उघडल्यावर टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढे होई. मात्रा एककांऐवजी मिलिग्रॅममध्ये असल्याने डॉक्टर आणि रुग्ण दोघेही गोंधळत. किंमतही अधिक होती. पुढे २००८ मध्ये त्याच्या वापरकर्त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाची काही प्रकरणे नोंदली गेल्याचे जाहीर झाले. ते सर्व पूर्वी धूम्रपान करणारे होते आणि संख्याही थोडी होती, त्यामुळे त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि फुप्फुसासारख्या नाजूक अवयवावर वर्षानुवर्षे वाढ-प्रेरक गुणधर्माचे संप्रेरक शिंपडण्याचा परिणाम दीर्घ मुदतीत काय होतो, हा प्रश्न तेथून ऐरणीवर आला.

आफ्रेझाची वाटचालही सुखाची झाली नाही. सनोफी या फ्रेंच कंपनीने ऑगस्ट २०१४ मध्ये विक्रीसाठी केलेला करार जानेवारी २०१६ मध्ये संपवत असल्याचे जाहीर झाले, कारण खप अपेक्षेप्रमाणे झाला नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील बोध महत्त्वाचा आहे. एखादी वस्तू अधिक सोयीची आहे एवढ्यानेच ती बाजारात टिकत नाही. ग्राहक त्या सोयीसाठी जी जादा किंमत आणि जी जादा जोखीम पत्करण्यास तयार असतो, तीवरच तिचे भवितव्य ठरते. श्रीमंत देशातील प्रौढ ग्राहकाने हा व्यवहार दोनदा तोलला आणि दोन्ही वेळा उत्साह दाखवला नाही. अशा स्थितीत उत्पादकाची नजर मुलांकडे वळणे स्वाभाविक आहे. सुईचा धाक मुलांना अधिक, आईबापांची कळवळ अधिक आणि दहाव्या वर्षी जोडलेला ग्राहक पन्नास-साठ वर्षे टिकणारा. यात कंपनीचे काही पाप आहे, असे नव्हे. नफा शोधणे हा तिचा धर्मच आहे. मात्र समाजाने तो हेतू विसरून निर्णय घेऊ नयेत.

मुलांवरील चाचणी

मुलांबाबतचा मुख्य पुरावा आहे तो अमेरिकेतील एका चाचणीचा. ४ ते १७ वयोगटातील २३० मुलामुलींना तीत दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला जेवणाच्या वेळी भुकटी, दुसऱ्याला इंजेक्शने आणि दोघांनाही मूळ इन्शुलिन. सव्वीस आठवड्यांनंतरचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. चाचणीचा उद्देश नवे औषध सरस आहे हे दाखवण्याचा नव्हता. ते जुन्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे निकृष्ट नाही, एवढेच दाखवायचे होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या निर्देशांकातील ०.४ टक्के फरक ही ती मर्यादा. सर्व मुले हिशेबात धरली तेव्हा आकडा ०.४३५ आला, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. चाचणीचे नियम न पाळलेल्या एका रुग्णास वगळल्यावर तो ०.३७० झाला आणि कसोटी पार पडली. त्या कालावधीत फुप्फुसाच्या क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या आकड्यांवरून औषध निरुपयोगी ठरत नाही, तसेच ते निर्विवादही ठरत नाही. एका मुलाला धरल्याने वा सोडल्याने निकाल बदलत असेल, तर पुरावा काठावरचा आहे, एवढा अर्थ संख्याशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल. शिवाय नियम न पाळणारी मुले हा अपवाद नसून किशोरवयाचा तो स्वभावच आहे. सव्वीस आठवडे हा काळ साखर मोजण्यास पुरेसा असेल, पण ज्या मुलाची फुप्फुसे अजून वाढत आहेत आणि ज्याला हे औषध आयुष्यभर घ्यावयाचे आहे, त्याच्या संदर्भात तो अगदीच तोकडा आहे.

घरखर्चाचे गणित

आता भारतीय घराकडे वळू. तीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण चोवीस एकके इन्शुलिन लागते, असे धरले तर महिन्याची गरज ७२० एककांची होते. साध्या मानवी इन्शुलिनच्या दहा मिलिलिटरच्या कुपीत ४०० एकके असतात. हे इन्शुलिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे आणि कुपी दीडशे रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे महिन्याला दोन कुप्यांचे सुमारे तीनशे रुपये झाले. साखर तपासण्याच्या पट्ट्यांचे काय? दिवसाला चार पट्ट्या, पट्टीला पंधरा रुपये धरले तरी महिन्याला अठराशे रुपये होतात. सिरिंज, सुया, डॉक्टरकडे जाण्याचा प्रवास आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब निराळाच. शीतकपाट नसलेल्या घरात मडक्यात औषध ठेवण्याची तजवीज करावी लागते, तीही वेगळी.

या साध्या बेरजेतून एक महत्त्वाचे तथ्य पुढे येते. गरीब कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महाग आहे ती तपासणी आणि सर्वांत स्वस्त आहे ते इन्शुलिन. मागणी लवचिक असलेल्या वस्तूवर पहिली कात्री चालते, हा नियम येथेही लागू पडतो. इन्शुलिन तोडता येत नाही, म्हणून पट्ट्या तोडल्या जातात. दिवसाला चारऐवजी एक, मग आठवड्याला दोन, मग केवळ बरे वाटेनासे झाल्यावर. न तपासता टोचलेले इन्शुलिन म्हणजे काळोखात हाकलेली गाडी. अशा घराला जेवणाचे इन्शुलिन श्वासावाटे देऊ केले, तर त्याच्या खर्चातील सर्वांत स्वस्त बाब महाग होईल आणि सर्वांत महाग बाब आहे तेथेच राहील. भुकटीलाही शीतकपाट लागते. बंद पाकिटे बाहेर दहा दिवस आणि उघडलेली पट्टी तीन दिवस, एवढीच टिकते. साधन दर पंधरा दिवसांनी बदलावे लागते. म्हणजे ज्या अडचणींनी सुईचे उपचार आज विस्कळीत होतात, त्यांपैकी एकही येथे दूर होत नाही.

या विषमतेचे स्वरूप किती भीषण आहे, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासावरून दिसते. दहाव्या वर्षी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलाचे पुढील सरासरी आयुष्य श्रीमंत देशांत ६५ वर्षांचे, तर सर्वांत गरीब देशांत अवघे १३ वर्षांचे, असा त्याचा अंदाज आहे. रोग एकच, औषधही शंभर वर्षांपूर्वीच सापडलेले. तरी बावन्न वर्षांचे अंतर. हे अंतर सुई आणि भुकटी यांतील नाही. वेळेवर निदान, अखंड पुरवठा, तपासणी आणि जाणकार डॉक्टर यांच्या असण्या-नसण्याचे ते अंतर आहे. पुष्कळ तहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने उतरणारे वजन या तीन खुणा ओळखल्या न गेल्याने निदानापूर्वीच दगावणारी मुले कोणत्याच तक्त्यात येत नाहीत.

शाळा आणि शासन

शासनाची दृष्टीही या मुलांवर पुरेशी पडलेली नाही. मधुमेहासह असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यातील सार्वत्रिक तपासणी तीस वर्षांवरील लोकांसाठी आहे. धोरणकर्त्यांच्या मनातही मधुमेह म्हणजे प्रौढांचा रोग, हेच समीकरण पक्के बसले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली ती २०२२ मध्ये. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा विद्यार्थ्यांना वर्गात साखर तपासण्याची, इन्शुलिन घेण्याची आणि परीक्षेच्या वेळी खाऊ जवळ बाळगण्याची मुभा द्यावी, असे सुचवले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तर परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची सवलत २०१७ मध्येच दिली होती.

परिपत्रके निघाली, परंतु परिपत्रक आणि वर्ग यांच्यामध्ये शिक्षक उभा असतो. थरथरणारे, घामाघूम झालेले मूल अभ्यास चुकवण्याचा बहाणा करीत नसून त्याची साखर उतरली आहे आणि त्याला तातडीने ग्लुकोज हवे आहे, हे त्याला माहीत असेल तर जीव वाचतो. शाळेत मुलाला लपून, स्वच्छतागृहात जाऊन इंजेक्शन घ्यावे लागते ते सुईच्या दोषामुळे की भोवतालच्या अज्ञानामुळे, याचा विचार झाला पाहिजे. लाज सुईत नसते. ती पाहणाऱ्यांच्या नजरेत असते. ती नजर बदलण्यास परदेशी चलन लागत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणातील एक तास पुरतो.

किमतीचा प्रश्न सुटू शकतो

याचा अर्थ नवे औषध नाकारावे, असा नाही. आजची महाग सोय उद्याची सामान्य गरज बनते, हा औषधशास्त्राचाही इतिहास आहे. मात्र ती आपोआप बनत नाही. स्पर्धा आणि धोरण यांच्या रेट्याने बनते. भारतात जैवतंत्राने मानवी इन्शुलिन तयार करणे वोक्हार्टने २००३ मध्ये आणि बायोकॉनने २००४ मध्ये सुरू केले. त्यांतील वोक्हार्टचे उत्पादन महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत होत होते. परदेशी कंपन्यांच्या बरोबरीने देशी उत्पादक उभे राहिले आणि किमतींवर वचक बसला. श्वासावाटे घ्यावयाच्या इन्शुलिनबाबत अशी स्पर्धा नाही. सिप्लाचा २०१८ मधील करार विक्री-वितरणाचा आहे. औषध अमेरिकेत तयार होते. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय कंपन्यांना दिलेली प्रक्रिया-स्वातंत्र्याची मोकळीक २००५ च्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तरीही या प्रकरणात सिप्लाचे नाव असणे अर्थपूर्ण आहे. एड्सवरील औषधांचा वर्षाचा खर्च रुग्णामागे दहा हजार डॉलरच्या घरात असताना २००१ मध्ये याच कंपनीने ती औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केली आणि जागतिक बाजाराचे गणितच उलटवले. दम्याच्या श्वसनयंत्रांचा व्यापही तिचा मोठा आहे. म्हणजे भुकटी श्वासावाटे देण्याचे तंत्रज्ञान या देशाला परके नाही. तेव्हा शासनाने या औषधाकडे केवळ परवानगी देणारा अधिकारी म्हणून न पाहता देशी उत्पादनाची आणि किमतीची अट घालणारा मोठा खरेदीदार म्हणून पाहावे. अमेरिकेसारख्या मुक्त बाजाराच्या कैवारी देशालाही २०२२ मध्ये कायदा करून वृद्धांच्या विमा योजनेतील इन्शुलिनचा भार महिना ३५ डॉलरवर रोखावा लागला, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

प्राधान्यक्रम कोणता?

मर्यादित साधनांचा विनियोग कोणत्या क्रमाने करावा, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न होय. येथे तो क्रम अवघड नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अठरा वर्षांखालील मधुमेही मुलांची नोंदवही हवी. नोंदलेल्या प्रत्येक मुलाला इन्शुलिन, सिरिंज आणि दिवसाला किमान चार पट्ट्या विनामूल्य व अखंड मिळाल्या पाहिजेत. त्यानंतर दिवसभराच्या व जेवणाच्या वेळच्या सुधारित इन्शुलिनचा क्रम लागतो. दीर्घ परिणामाचे ग्लार्जिन २०२२ मध्ये राष्ट्रीय यादीत आले, ते प्रत्यक्ष औषधालयाच्या फडताळातही आले पाहिजे. श्वासावाटे इन्शुलिन या शिडीची वरची पायरी आहे. मुलांसाठी ते खुले करण्याची वेळ येईल तेव्हा भारतीय मुलांच्या फुप्फुसांवरील दीर्घ मुदतीचा अभ्यास, दम्याची सक्तीची तपासणी आणि किमतीवर मर्यादा या तीन अटी आधी मान्य झाल्या पाहिजेत. सुईचा खरोखर विकोपाचा धसका घेतलेली, त्यापायी मात्रा चुकवणारी आणि निरोगी फुप्फुसांची मुले, यांना ते वरदान ठरू शकेल. सरसकट साऱ्यांना ते विकणे हा निव्वळ व्यापार होईल.

ज्यांना परवडते त्यांनी ते प्रौढ झाल्यावर विकत घ्यावे, त्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक लक्ष या दोन्ही दुर्मिळ वस्तू आहेत. नव्या साधनाच्या झगमगाटात त्या खर्ची पडल्या, तर ज्या मुलाला आज सुईदेखील वेळेवर मिळत नाही ते मूल आणखी काही वर्षे तक्त्याबाहेरच राहील. १९२२ मध्ये टोरांटोत एका मुलाला इन्शुलिन मिळाले आणि ते जगले. भारतातील सव्वादोन लाखांहून अधिक मुलांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत तेवढे वाक्य खात्रीने लिहिता येणे, ही शासनाची पहिली जबाबदारी आहे. सुई की भुकटी, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.